डाव्या कानाचं वल्हं

बंगळूर,
२० मे २०२५

ती. रमजान मामूंना महरीनचा सलाम.

पत्र बघून मामी आधी घाबरेल, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिते की मी ठणठणीत आहे. पत्र लिहायची पाळी तुमच्यामुळे आली. मागच्या आठवड्यात फोन केला तेव्हाचं बोलणं आठवतंय ना? मी विचारलं, "मामू, कसे आहात?" मामीचं उत्तर: "बरे आहेत." "चक्कर येते का अजून?" "नाही येत." "मामी, त्यांना बोलू द्या की." "अगो, तेच बोलतायत, मी सांगते ना!" मग व्हिडिओ कॉल लावला, तर तुम्ही स्क्रीनकडे एक नजर टाकलीत, डोळे गच्च मिटलेत आणि फोन उशीखाली सारलात. मी बराच वेळ उशीचा अभ्रा बघत बसले. फुलं छान आहेत त्यावर.

कागद फिरत नाही, त्यावरची अक्षरं सरकत नाहीत. हळूहळू वाचा आणि हळूहळू लिहा. अम्मीकडून मला एवढंच कळलंय, की एप्रिलमध्ये समुद्रात तुम्हाला भोवळ आली आणि केरूकाकांनी बोट परत आणली. मला सगळं सांगा. नेमकं काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, आता दिवसभर काय करता?

उगीच चौकशी करत नाहीये. इथे प्रयोगशाळेत मी मेंदूतल्या ज्या पेशींवर काम करते त्या तोल सांभाळणाऱ्याच पेशी आहेत. एवढ्या लांब येऊन मी उंदरांचा तोल बघत बसले आणि तिकडे तोल गेला तो माझ्या मामूंचा! मला राग आलाय, कोणावर ते ठरवायचंय.

तुमची,
महरीन


मिरकरवाडा, रत्नागिरी,
२८ मे २०२५

चि. महरीनला मामूच्या अनेक दुवा.

पत्र मिळालं. फार वर्षांनी कोणी मला पत्र लिहिलं. पोस्टमनसुद्धा दारात थांबून बघत होता.

तर ऐक. त्या दिवशी समुद्र असा सपाट होता, की कोणी तेल ओतलंय वाटावं. बोटीचा तांडेल मी, म्हणून चाकावर मीच होतो. एकदम किनारा उचलला आणि डोक्यावरून पलीकडे गेला. परत आला, परत गेला. मला वाटलं बोटच फिरतेय. चाक घट्ट धरून केरूला ओरडलो, "अरे, बोट सरळ घे!" तो म्हणाला, "तांडेल, बोट सरळच हाय. तुमीच आडवे झालाव."

एवढ्या वर्षांत मला समुद्र कधी लागला नव्हता. त्या दिवशी तांडेल ओकला आणि सगळ्या खलाश्यांनी पाहिला. चक्कर बरी, पण ते नको होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डाव्या कानाच्या आत तोलाची नस असते, तिला सूज आली. ऐकायला नीट येतं, ती नस वेगळी. डोक्याचा फोटो काढला, त्यात काही निघालं नाही. तुझी मामी म्हणाली, हे मी निकाह झाल्यापासून सांगतेय.

आता मी अगदी बरा आहे. घरात फिरतो, दारापुढच्या खळ्यात जातो. मामी पुष्कळ आराम देते, चक्करेच्या गोळ्याही वेळेवर देते. पलंगावर दोन्ही बाजूंना तक्के लावून ठेवलेत, चहापाणी जागेवर. मशिदीत नमाजाला खुर्ची दिलीय. पडून राहिलं की काही त्रास नाही. रविवारपासून पावसाळ्यासाठी मासेमारी बंद होईल, बोटी वर ओढतायत. केरू बघतोय सगळं. नारळी पौर्णिमेनंतर 'सानवी'च्या चाकावर मी असेनच, काळजी नको.

तुझा,
रमजान मामू

(खालच्या ओळी माझ्या. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. खळ्यात जातात हे खोटं. न्हाणीपर्यंत भिंत धरून जातात, तेही मी मागे असले तर. महिपत शेठ येऊन गेले हे तुला लिहिलंच नाही. शेठ म्हणाले, "बोट माझी असली तरी चाक रमजानचं, पण आजारी माणसाच्या हाती माणसांचे जीव कसे देऊ? नारळी पौर्णिमेनंतर बोट निघेल. त्या दिवशी रमजान कोणाचा हात न धरता बोटी ओलांडून 'सानवी'वर आला, तर चाक त्याचं. नाहीतर देवगडचा एक तांडेल बघून ठेवलाय." तेव्हापासून हे भिंतीकडे तोंड करून झोपतात. — खुर्शीद मामी)


बंगळूर,
५ जून २०२५

ती. मामू,

पत्र पोचलं, मामीच्या ओळींसकट. तेव्हा खळ्याचं राहू द्या.

महिपत शेठची अट वाचली आणि मी लहान होते ते दिवस आठवले. बंदरात बोटी एकमेकींना टेकून उभ्या, आपली 'सानवी' नेमकी सगळ्यांच्या पलीकडे. जेटीवरून तिच्यापर्यंत जायचं तर मधल्या सगळ्या बोटी ओलांडायच्या. एक वर जाते, दुसरी खाली, मधल्या फटीत काळं पाणी. तुम्ही मला खांद्यावर घेऊन जायचात, दुसऱ्या हातात डिझेलचा कॅन. मला एकदासुद्धा भीती वाटली नाही. तसंच चालणारे मामू मला परत हवेत.

आता माझ्या कामाचं सांगते, म्हणजे तुमच्या कानाचंही कळेल. मेंदू खाली जिथे पाठीच्या कण्याला मिळतो, त्या भागाला मेंदूचा देठ म्हणतात. त्या देठात डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे पेशींचे दोन पुंजके आहेत. कानातली तोलाची नस तिथे येते. या पेशी कधी गप्प बसत नाहीत. तुम्ही दगडासारखे स्थिर बसलात तरी त्या विजेचे बारीक बारीक ठोके देत राहतात. बोट धक्क्याला असली तरी इंजिन न्यूट्रलवर धडधडत असतं ना, तसं. मान डावीकडे वळवली की डावीकडचे ठोके वाढतात आणि उजवीकडचे मंदावतात. दोन्हींतल्या फरकावरून मेंदू ओळखतो, की आपण वळलो.

तुमची डावी नस सुजली, तेव्हा डावीकडच्या पेशी गप्प झाल्या. उजवीकडच्या चालूच. दोघं मिळून होडी वल्हवतायत आणि डावीकडच्याने वल्हं टाकून दिलं, तर होडी गरगर फिरणार नाही तर काय!

चांगली गोष्ट अशी, की ती नस पुरती बरी झाली नाही तरी या पेशी पुन्हा ठोके द्यायला शिकतात. पेशीच्या पापुद्र्याला अगदी बारीक दारं असतात. काही दारं उघडली की बाहेरच्या खारट पाण्यातला सोडियम आत घुसतो, तोच विजेचा ठोका. मग दुसरी दारं उघडतात आणि पेशी जरा दम खाते. दम जितका लांब, तितके ठोके कमी. गप्प पडलेली पेशी हळूहळू आपली दारं बदलते, दम कमी खाते आणि नसेकडून हाक आली नाही तरी स्वतःच्या बळावर ठोके सुरू करते. टाकलेलं वल्हं पुन्हा उचलते म्हणा ना.

पण तिला कळायला हवं, की काहीतरी बिघडलंय. डोकं हललं, पाऊल चुकलं, नजर घसरली की तिला ते कळतं. तक्क्यांमध्ये पडून राहिलात तर तिला वाटेल सगळं ठीक आहे. म्हणून उठा! पहिल्यांदा डॉक्टरीणबाईंना विचारा, चक्करेच्या त्या गोळ्या अजून घ्यायच्या का, त्या बहुतेक सुरुवातीच्या दिवसांपुरत्या असतात. त्यांनी हो म्हटलं, की सोबतच्या कागदावरचं करायचं: मान खाली, मान वर, उजवीकडे, डावीकडे. भिंतीवर एक खूण ठरवून नजर तिच्यावर रोखायची आणि डोकं हलवायचं. आणि तांब्याभर पाणी स्वतः उठून घ्यायचं.

माझं काम छान चाललंय.

तुमची,
महरीन


मिरकरवाडा,
१५ जून २०२५

महरीन,

या वेळी पत्र मी लिहितेय. त्यांना लिहू देत नाही, कारण हात ओला आहे. ओला का, ते सांगते.

तुझं पत्र आलं आणि हे वाघासारखे उठले. डॉक्टरीणबाईंकडे जाऊ म्हटलं तर म्हणतात, "महरीनने लिहिलंय ना, आता विचारायचं काय!" पडवीत माठ आहे, तिथून तांब्याभर पाणी आणतो म्हणाले. मी म्हटलं, मी देते. "खुर्शीद, हात लावायचा नाही." गेले. जाताना ठीक गेले. येताना डावीकडे झुकले ते झुकतच गेले. ईदच्या बकऱ्याला पाणी ठेवायला आणलेला टब अजून खळ्यात होता. बकरा गेला, टब राहिला, पाऊस पडून भरलाही होता. तुझे मामू त्यात. तांब्या मात्र हातात उभाच्या उभा. टबात बसून मला म्हणतात, "बघ, चाललो की नाही?"

गुडघा खरचटला, आणखी काही नाही. पण मी तुला विचारते, तू शिकलेली आहेस, तुला दया आहे की नाही? तुझ्या अम्मीने मला सांगितलंय, तू तुझ्या उंदरांना कसं ठेवतेस. कानाचं ऑपरेशन झालं की कापसाची गादी, अंधारी जागा, आवाज नाही, खाणं तोंडाशी, पाणी तोंडाशी. "त्यांना बिचाऱ्यांना हलावंसुद्धा लागू देत नाही," असं तूच अम्मीला म्हणालीस. उंदरांना कापूस आणि माझ्या नवऱ्याला बकऱ्याचा टब? ते उंदीर तुझे कोण लागतात, आणि हे तुझे कोण? आणि एवढे लाड करून त्या मेल्यांचं शेवटी करतेस काय?

तक्के मी परत लावलेत.

खुर्शीद मामी


बंगळूर,
२२ जून २०२५

ती. मामी,

तुमचं पत्र मी लॅबमध्ये उभ्या उभ्या वाचलं. टबापर्यंत इतकी हसले, की शेजारचे लोक बघायला आले. मग उंदरांची ओळ आली आणि मी खाली बसले.

मामूंना मी खोटं लिहिलं होतं. काम छान चाललेलं नाही. आमच्याकडे ऑपरेशनने एका कानाचा तोल काढून घेतलेल्या उंदराच्या त्या पुंजक्याचा पातळ काप घेतात, आणि केसाहूनही बारीक काचेची नळी एकेका पेशीला लावून तिचे ठोके मोजतात. दुसऱ्या लोकांच्या उंदरांमध्ये काही आठवड्यांत पेशी जाग्या होतात. माझ्या होत नव्हत्या. कित्येक महिने पडद्यावर सपाट रेघ. मला वाटायचं माझाच हात वाईट, नळी लावताना मीच पेशी मारतेय. हे काम मला जमत नाही, असं आमच्या लॅबच्या मॅडमना सांगायच्या बेतात होते.

मामी, माझे उंदीर हललेच नव्हते. ऑपरेशननंतर ते डावीकडे कलंडायचे, मला बघवायचं नाही. म्हणून कापूस, म्हणून अंधार, म्हणून सगळं तोंडाशी. पेशींना उठायला कारणच दिलं नाही मी. मामूंना एवढं मोठं व्याख्यान दिलं आणि माझ्याच पिंजऱ्यांत तक्के लावून बसले होते. तुम्ही भांडला नसतात तर हे मला दिसलं नसतं.

शेवटी त्यांचं काय करते, तेही विचारलंत. भूल देऊन मेंदू काढावा लागतो. तुम्हाला आवडणार नाही, मलाही आवडत नाही. म्हणून तर जिवंत आहेत तोवर लाड करत होते. ते लाड चुकीचे निघाले.

आता आपण दोघी एक करार करू. मी काल नव्या उंदरांपैकी अर्ध्यांच्या पिंजऱ्यांतला कापूस कमी केला, शिडी ठेवली, खाणं दुसऱ्या टोकाला नेलं. तुम्ही तक्के काढा. त्याआधी मामूंना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जा, मी सांगितलं म्हणून परस्पर काही करू नका. मी उंदरांची डॉक्टर होईन, माणसांची नाही. आणि तो टब उचला.

तुमची,
महरीन


मिरकरवाडा,
६ जुलै २०२५

चि. महरीन,

हे पत्र शेजारच्या साकिबच्या हाती पोस्टात टाकतोय, मामीच्या हाती नाही. कारण वाचताना कळेल.

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई म्हणाल्या, "अहो, मी तुम्हाला आठवड्याने परत या म्हटलं होतं. दोन महिने गोळ्या कोणी घ्यायला सांगितल्या?" मी मामीकडे बघितलं, मामीने माझ्याकडे बघितलं. पडून राहिलं की बरं वाटायचं, म्हणून आम्ही गेलोच नव्हतो गो. गोळ्या बंद झाल्या. तुझा कागद दाखवला तर बाई म्हणाल्या, हेच करा, पहिल्यांदा कोणीतरी जवळ असू द्या.

तो कागद मी घरी येऊन पुन्हा वाचला. वाका, डोकं खाली न्या, उठा, मान उजवीकडे, मग डावीकडे. वाचता वाचता हसू आलं. पोरी, हे मी सात वर्षांचा असल्यापासून दिवसातून पाच वेळा करतोय! फक्त एप्रिलपासून लोकांनी मायेने खुर्ची दिली आणि मी तिच्यावर बसून नुसती मान डोलवली. नमाज अल्लासाठी असते, कानासाठी नाही, एवढं मला कळतं. पण त्याच दिवशी इमामसाहेबांना म्हटलं, खुर्ची न्या, मी सगळ्यांबरोबर सफीत, रांगेत उभा राहतो.

कपाळ टेकायला सजद्याला वाकलो तर मशीद उलटी झाली. उठताना डावीकडे गेलो. पण सफीत खांद्याला खांदा लागलेला, पडायला जागाच नाही! पहिले काही दिवस डावीकडच्या साकिबने माझं सगळं वजन सोसलं. मग एकदा बाहेर आल्यावर हळूच म्हणाला, "चाचा, उद्यापासून माझ्या डाव्या अंगाला उभे राहा. उजवा खांदा कामातून गेला." आता त्याच्या डाव्या अंगाला उभा राहतो. पलीकडे खांबच आहे. परवा असरच्या नमाजाला खांबाला टेकलोच नाही.

आता गुपित. नमाज झाल्यावर मी सरळ घरी येत नाही. बंदरावर जातो. बोटी वर ओढून शाकारून ठेवल्यात, प्लास्टिक, माडाचे झाप, वर दोऱ्या. केरू मला शिडीने 'सानवी'वर चढवतो. तिथून शेजारच्या बोटीवर एक फळी टाकलीय, तिच्यावरून जातो, येतो. नजर समोर रोखायची, तू सांगितलंस तसं. केरू खाली जाळं शिवत बसल्याचं सोंग करतो. एक टाका घालतो, दहा वेळा माझ्याकडे बघतो. मी म्हटलं, "केरू, तूच का नाही होत तांडेल? मला बरं वाटेल." तर म्हणतो, "नको. वायरलेसवर बोलायचा म्हटला की माझी बोबडी वळते. आनि त्या देवगडवाल्याच्या हाताखाली ऱ्हायाचा नाय मला. तुमी गुमान फळीवर चला."

पण खरं सांगू? कोरड्यावरच्या बोटी हलत नाहीत. त्या हलायला लागल्या, एक वर, एक खाली, म्हणजे काय होईल ते मला माहीत नाही. चाक गेलं तर मी काय करीन तेही माहीत नाही. मामीला यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझ्या उंदरांचं काय झालं?

मामू


बंगळूर,
२० जुलै २०२५

ती. मामू,

उंदरांचं काय झालं, ते मला घराच्या गच्चीवरून ओरडून सांगायचंय, पण कन्नडमध्ये ते कसं सांगतात मला माहीत नाही. म्हणून तुम्हालाच.

आमच्या यंत्राला एक स्पीकर जोडलेला असतो. पेशीने ठोका दिला की पडद्यावर रेघ उडते आणि स्पीकरमधून 'टक्' येतो. इतके महिने त्या स्पीकरमधून नुसती खरखर ऐकलीय मी. काल शिडीवाल्या पिंजऱ्यातल्या उंदराचा काप होता. डावीकडची पेशी धरली. खरखर. मी चहाचा विचार करायला लागले होते. एकदम टक्. मग काही नाही. मग टक्, टक्, टक्, टक्, एका लयीत, सकाळी बंदरात पहिलं इंजिन चालू झाल्यावर होतं ना, तसं. कोणी हाक मारत नव्हतं तिला. नस तर त्या कापात नाहीच. आपलं आपण चालली होती.

मॅडमना बोलावलं. त्या म्हणाल्या, "चुकून उजवीकडची धरलीस का?" मी म्हटलं, डावीकडचीच. त्यांनी स्वतः खात्री केली आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. आम्ही दोघी ऐकत होतो. दुसरी पेशी धरली, तीही बोलली. कापसातल्या उंदरांच्या पेशी अजून सुस्त आहेत. एवढ्याशा उंदरांवरून शास्त्र होत नाही, अजून पुष्कळ करायचंय, पण माझा हात वाईट नव्हता, मामू! मॅडमनी विचारलं, पिंजरे बदलायचं कसं सुचलं? मी म्हटलं, रत्नागिरीहून भांडण आलं होतं.

तेव्हा हलणाऱ्या बोटींचं म्हणता, तर माझं एवढंच म्हणणं आहे. तुमच्या डावीकडच्या पेशी बसलेल्या नाहीत. साकिबच्या खांद्याला विचारा. त्यांना पाण्यावर काय होईल याचं वचन मी देऊ शकत नाही, डॉक्टरीणबाईही देणार नाहीत. भोवळ आली तर मधल्या बोटीवर खाली बसा. बसण्यात कमीपणा नाही. पण मी असते तर आजसुद्धा तुमच्या खांद्यावर बसून निघाले असते. आता वजन जास्त आहे, म्हणून राहू द्या.

मामीला काही बोलले नाही.

तुमची,
महरीन


मिरकरवाडा,
१३ ऑगस्ट २०२५

चि. महरीन,

काल फोनवर तू विचारत राहिलीस आणि मी सांगितलं नाही. मामी म्हणाली, सुरुवात पत्राने केली तर शेवटही पत्रानेच कळव, पोरीला जरा तरफडू दे. आता वाच.

नारळी पौर्णिमा शुक्रवारी आली. महिपत शेठने समुद्राला नारळ दिला, मलाही प्रसाद आणून दिला. जुम्म्याला मी बोट काढत नाही हे शेठला ठाऊक, म्हणून शनिवार सकाळ ठरली. जेटीवर ही गर्दी! सगळ्यांना आपापल्या बोटींचं काम होतं म्हणे, पण कोणी हलत नव्हतं. देवगडचा तांडेलही आला होता, पिशवी घेऊन. माणूस चांगला वाटला. मला बघून पिशवी खाली ठेवून उभा राहिला.

'सानवी' सगळ्यांच्या पलीकडे. वारा होता, बोटी एकमेकींवर रेटत होत्या, त्यांच्या अंगाला बांधलेले टायर कुरकुरत होते. मी नजर केबिनवरच्या 'सानवी' या अक्षरांवर रोखली आणि पहिल्या बोटीवर पाय ठेवला. ती खाली गेली, मी तिच्याबरोबर खाली गेलो, ती वर आली, मी वर आलो. दुसरी ओलांडली. तिसरी ओलांडली. पाय आपोआप चालत होते, गो. मला वाटलं झालं.

शेवटची बोट आणि 'सानवी' यांच्यामध्ये फट मोठी होती. लाट आली की मिटायची, गेली की उघडायची. मी नको ते केलं, नजर काढून खाली पाण्यात बघितलं. पाणी फिरलं. डावीकडे ओढ लागली, तीच एप्रिलची. केरू समोर 'सानवी'वर उभा, हात मागे बांधून, कारण हात धरला तर अट मोडेल. त्याचं तोंड पांढरं.

आणि एवढ्या गर्दीतून बायकोचा आवाज आला, "काय हो तांडेल, तांब्या घेऊन येऊ का?"

माझी पाठ तिच्याकडे होती, ती आलीय हेच मला माहीत नव्हतं. मला तो टब आठवला आणि हसूच फुटलं. हसता हसता मान वर झाली, 'सानवी'ची अक्षरं दिसली, सरळच्या सरळ. फट मिटली तेव्हा मी पलीकडे होतो. कसा गेलो ते माझ्या पेशींना विचार.

केरूने हात सोडले आणि पहिलं काम काय केलं असेल, तर रडला. महिपत शेठ जेटीवरून ओरडले, "रमजान, चाक धर, डिझेल फुकट जळतंय!" देवगडवाल्याने मला हात वर करून सलाम केला आणि शेठच्या दुसऱ्या बोटीवर गेला, त्याला तिथे काम मिळालं. वाईट वाटू नये म्हणून लिहितोय.

सोमवारी परत आलो. कोळंबी बरी लागली. आता खरी मजा. दोन महिने जमिनीवर बसून समुद्रात गेलं, की परत आल्यावर जमीन डोलते, ते सगळ्या खलाश्यांना होतं. जेटीवर उतरल्यावर केरू उजवीकडे, आपला खलाशी फुजैल डावीकडे, सगळे झुलतायत. आणि त्यांच्या मधून मी, पट्टीने रेघ मारल्यासारखा. पावसाळाभर मीच एकटा तालमीत होतो ना! कोणीतरी म्हणालं, "या सगळ्यांत आजारी होता तो कोणता?"

तुझ्या पेशींना माझा सलाम सांग. शिडीवाल्यांना आधी.

तुझा,
रमजान मामू

(खालच्या ओळी माझ्या. बंदरावरची फळी मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. बर्फाच्या कारखान्याच्या कोपऱ्यावरून रोज बघत होते. केरू शिवण्याचं सोंग करतो ते जाळं एका जागी इतकं शिवलंय, की त्यातून पाणीसुद्धा जाणार नाही. त्यांना सांगू नकोस.

दोन्ही तक्के उसवले, कापूस पिंजून आणला आणि एक गादी केली. तू सुट्टीत येशील तेव्हा तुझ्यासाठी. पाणी मात्र तुझं तू उठून घ्यायचं. — खुर्शीद मामी)